हजर कर, म्हाराजा!

“येत्या बाजाराच्या दिसानंतर मांडवखोलात एक जरी कुत्रो दिसलो, तर माका विश्राम गावकर म्हणू नकात!”

ही प्रतिज्ञा विश्राम गावकरांनी भर देवळात, रवळनाथाच्या साक्षीने केली. सभामंडपात गावातली जाणती मंडळी होती आणि पायरीखाली गावातले नऊच्या नऊ कुत्रेही होते. प्रतिज्ञा ऐकून माणसं चपापली. कुत्र्यांपैकी कुणीही उठून गेलं नाही. उलट त्यांनी शेपट्या हलवल्या. विश्राम गावकर बोलले की पुढे जेवण असतं, हा त्यांचा अनुभव होता.

आता हे नीट सांगायला हवं. गावकरांचं घराणं म्हणजे मांडवखोलातलं गाऱ्हाण्याचं मानाचं घराणं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. होडी पाण्यात लोटायची, गाऱ्हाणं. गाय हरवली, गाऱ्हाणं. गाय सापडली, तरी गाऱ्हाणं! मानकऱ्याने देवासमोर उभं राहून कैफियत मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा!” असा ठणठणीत जबाब द्यायचा. देवाने मग काय ते बघून घ्यायचं. विश्राम गावकरांचा आवाज असा होता, की ते गाऱ्हाणं घालू लागले म्हणजे खाडीपलीकडे माडावर चढलेला माणूस हातातला कोयता थांबवून ऐकत राहतो, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, ते स्वतःच म्हणत.

गाऱ्हाणं झालं की जेवणावळ, आणि जेवणावळ झाली की पत्रावळी. कुत्र्यांनी यातला मधला भाग गाळून एवढाच बोध घेतला होता, की गावकरांचा आवाज म्हणजे पत्रावळी. त्यामुळे गावकरांनी तोंड उघडलं की नऊही कुत्रे जिथे असतील तिथून येत आणि देवळाच्या पायरीखाली ओळीने बसत. माणसांनाही इतकं वळण नव्हतं.

हे कुत्रे मांडवखोलचे नव्हतेच मुळी. गेल्या शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ते गावात दिसले. कुठून आले, कुणालाच ठाऊक नाही. त्यांचा पुढारी एक तांबूस, उजवा कान अर्धा तुटलेला कुत्रा होता. तो सदानकदा बाकीच्यांच्या पुढे चाले, म्हणून गाव त्याला मुकादम म्हणू लागलं. मुकादमाची टोळी गावातल्या माणसाला कधी चावली नाही. तिचा राग होता तो फक्त परक्या माणसावर. आणि मांडवखोलात परकं माणूस येणार कशाला? ना बाजारपेठ, ना कचेरी. लग्नाच्या मुली बघायला येणारे पाहुणे सोडले, तर गावात परकं असं कुणी फिरकतच नसे.

आणि गावकरांची सरला लग्नाची होती!

पहिले पाहुणे कुडाळकडचे. ते पाणंदीत शिरले मात्र, मुकादमाने हाळी दिली. नवऱ्या मुलाचे मामा जांभ्या दगडाच्या गडग्यावर चढले आणि चहा त्यांना तिथेच द्यावा लागला. त्यांच्या धोतराचा सोगा जो गेला तो पुढे करवंदीच्या जाळीत सापडला. घरी पोचल्यावर त्यांनी निरोप धाडला, “मुलगी पसंत आहे. वाट पसंत नाही.”

दुसरे पाहुणे आले तेव्हा गावकरांनी आधीच सुक्या बांगड्यांची लाच दिली होती. कुत्रे एका शब्दाने भुंकले नाहीत. पाहुणे आत बसले, पोहे झाले, मुलीला दोन प्रश्न विचारून झाले. उठून बाहेर येतात तर पडवीत प्रत्येकाची एकेक वहाण शिल्लक! दुसरी वहाण कुठे गेली ते मुकादमालाच माहीत. त्यांनी तर निरोपही धाडला नाही.

त्या दिवशी सरला विहिरीवर गेली आणि भरलेल्या घागरी ओतून पुन्हा भरत बसली. पोरगी सातवी पास, शिवणकाम येणारी, हसरी. गावकरांनी ते माजघराच्या खिडकीतून बघितलं आणि त्यांना पुढ्यातली पेज जाईना. मोठ्या आवाजाची माणसं आतून फार हळवी असतात. फक्त ते कुणाला ऐकू जात नाही.

“आता कुत्रे तरी ऱ्हवतले, नायतर मी तरी!” ते म्हणाले.

“तुमीच ऱ्हवा,” त्यांची बायको जानकी म्हणाली. “पण मुक्या जनावरांका मारूचा नाय. सांगून ठेवतंय.”

मारायचं तर त्यांच्याही मनात नव्हतं. तेव्हा एकच मार्ग उरला, खाडी! मांडवखोल आणि पलीकडचं रेवळे गाव यांच्यामध्ये चांगली रुंद खाडी आहे. पलीकडे नेऊन सोडलेला कुत्रा काही पोहत परत यायचा नाही. रेवळ्यात गावकरांचं कुणी नात्याचं नव्हतं, ओळखीचं नव्हतं. अनोळखी माणसाला त्रास द्यायला मन जरा कमी खातं.

खाडीवर होडी एकच, अब्बासची. दोन्ही गावांची माणसं, शिधा, कोंबड्या, नारळ, बातम्या सगळं त्याच्याच होडीतून जाई. अब्बास अबोल होता. गावकरांनी त्याला बाजूला घेतलं, आजूबाजूला बघितलं आणि कानात बेत सांगितला.

“नव कुत्रे पलीकडे व्हरूचे आसत.”

“परत?” अब्बास म्हणाला.

“परत म्हंजे?”

“काय नाय. भरती सकाळी आसा. घेवन येवा.”

सकाळी भरतीच्या वेळी गावकर धक्क्यावर हजर झाले, पण कुत्रे होडीत चढेनात. बांगडा दाखवला, तर त्यांनी बांगडा घेतला आणि परत जाऊन बसले. दुसरा दाखवला, दुसरा घेतला. टोपलीतले बांगडे संपत आले. ओहोटी लागायची वेळ जवळ येऊ लागली. शेवटी अब्बासनेच वल्ह्यावर हनुवटी टेकून सुचवलं.

“गावकारानू, गाराणा घाला.”

“हंय? होडयेत?”

“येतले बघा.”

गावकर होडीत उभे राहिले. होडी हलत होती, तरी त्यांनी हात जोडले. “बा देवा रवळनाथा! ही मुकी लेकरां आज परमुलखाक जातत, म्हाराजा!”

जबाब द्यायला दुसरं कुणी नव्हतं. गाऱ्हाणं अर्धवट राहिलेलं बरं नव्हे, म्हणून अब्बासनेच तो दिला. “व्हय म्हाराजा!”

त्याबरोबर मुकादमाने होडीत उडी घेतली आणि त्याच्यामागून आठही जण आले. आले ते ओळीने मधल्या फळीवर बसले. दोघे पुढे नाळेकडे गेले, दोघे मागे गेले, होडी एका बाजूला कलू नये म्हणून विभागून. नेहमीच्या उतारूंनाही हे अब्बासला सांगावं लागे. गावकरांना त्याचं नवल वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

रेवळ्याच्या धक्क्यावर त्यांनी डोकं पंच्याने गुंडाळून घेतलं, भाताची पत्रावळ दूर ठेवली आणि कुत्रे तिकडे धावताच होडी मागे फिरवली. पत्रावळ चाटून झाल्यावर नऊही जण काठावर येऊन होडीकडे बघत उभे राहिले. भुंकले नाहीत. ते भुंकले असते तर गावकरांना बरं वाटलं असतं.

पण मांडवखोल शांत झालं! आणि देवाची करणी बघा, पंधरवडा उलटतो न उलटतो तोच अब्बासनेच निरोप आणला. एक चांगलं स्थळ चालून येत होतं. मुलगा लवू धुरी, कसालच्या शाळेत मास्तर. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं आणि मास्तरांना तेव्हा फार मान होता. बाप जयराम धुरी, कौलांचे व्यापारी. माणसं खाऊनपिऊन सुखी.

“गाव खंयचो?” गावकरांनी विचारलं.

“रेवळे,” अब्बास म्हणाला आणि वल्हं पुसू लागला.

धुरी बापलेक मुलगी बघायला आले. पाणंदीत कुणी भुंकलं नाही, कुणाची वहाण हलली नाही. सरला चहा घेऊन आली. लवू मास्तरांनी तिला विचारलं, “वाचायला आवडतं का?” मास्तर मंडळी मुलगी बघतानाही शाळेतलंच मराठी बोलतात. सरला म्हणाली, “वाचूक बरा वाटता, पण पुस्तकां खंय गावतत?” मास्तर म्हणाले, “कसालच्या शाळेत दोन कपाटं आहेत.” आणि दोघेही उगीचच हसले. जानकीने दाराआडून ते पाहिलं आणि देवापुढे मनातल्या मनात नारळ बोलली.

“गाव कसो शांत आसा हो तुमचो!” जयराम धुरी पोह्यांवर ताव मारत म्हणाले. “आमच्याकडे झोप नाय, गावकर. कोणी तरी हलकटान आमच्या धक्क्यार नव कुत्रे हाडून सोडल्यान. नव!”

गावकरांच्या घशात पोहे अडकले. जानकी पाणी घेऊन धावली.

“माझ्यो दोन कोंबडयो गेल्यो,” धुरी म्हणाले. “एक धोतर गेला. असो मनीस हातीं गावलो तर काय करूचा, तुमीच सांगा!”

अशा वेळी गप्प बसावं. पण गावकरांना गप्प बसण्याची सवय नव्हती. “करूचा काय? भर बंदरार उभो करूचो तेका!” ते गरजले. “दुसऱ्याच्या गावात आपली ब्याद सोडता म्हंजे काय? मनीस म्हणूचो तेका? अशा घराण्याशी कोणी सोयरीकच करता नये!”

हे शेवटचं वाक्य तोंडातून सुटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पण बाण सुटला होता. जयरामांनी खुशीने त्यांच्या मांडीवर थाप मारली. “माझ्या मनातला बोललास! माका चेडू पसंत. झिलाकय पसंत. पण आमच्या घरात अक्काचो शब्द शेवटचो. आमची आवस. तिचे डोळे गेले, तिका होडयेतसून येवक जमणा नाय. ती म्हणता, सून कशीय चलात, पण तिचो बापूस कसो आसा ता माका आयकूचा आसा. रविवारी तुमी रेवळ्याक येवा.”

पाहुणे गेल्यावर सरला कपबशा उचलायला आली. ती खाली बघत म्हणाली, “बाबा, हो मास्तर माका बरो वाटता.”

जन्मात पहिल्यांदा पोरीने आपल्या तोंडाने काही मागितलं होतं. गावकरांना भरून आलं.

“आणि बाबा,” कपबशा घेऊन जाता जाता ती म्हणाली, “ते कुत्रे तुमीच सोडलास मां?”

गावकर रविवारपर्यंत नीट जेवले नाहीत. जायला तर हवंच होतं. न जावं तर स्थळ गेलं. जावं तर धक्क्यावर मुकादम बसलेला! तो ओळख दिल्यावाचून राहणार नाही. चारचौघांत येऊन पाय चाटेल, आणि धुरी काय ते समजतील. अशा घराण्याशी सोयरीक करू नये, हे तर गावकरांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं!

विचार करून करून त्यांना तोड सुचली. कुत्रा माणूस ओळखतो तो वासाने. वासच बदलला तर? अब्बासकडे ईदला लावायचं अत्तर होतं. रविवारी सकाळी गावकरांनी अंगाला अंगण सारवावं तसं ते अत्तर चोपडलं.

“ह्या काय?” जानकीने नाकाला पदर लावला. “गाय दूध देवची नाय आता!”

“तुका राजकारण कळणा नाय,” असं म्हणून गावकर निघाले.

आणि युक्ती लागू पडली! रेवळ्याच्या धक्क्यावर नऊही जण उन्हाला पडले होते. गावकर उतरले तसं मुकादमाने नाक वर केलं, एक शिंक दिली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. दुसऱ्या दोघांनीही शिंका दिल्या. गावकर ताठ मानेने त्यांच्या मधून चालत गेले. मागून अब्बास येत होता. त्याच्या डोक्यावर धुऱ्यांसाठी आणलेली खाज्याची टोपली होती.

धुऱ्यांच्या पडवीत अक्का बसल्या होत्या. वय झालेलं, डोळे गेलेले, पण नाक शाबूत होतं.

“कोण अत्तर इकणारो इलो रे, जयराम?”

“अगे आये, चेडवाचो बापूस!”

“असांदे. बस रे बाबा. जरा लांब बस.”

अक्कांनी त्यांची पारख सुरू केली. शेती किती, भाऊबंद किती, घरात भांडण किती. गावकर मोजून मापून उत्तरं देत होते. सगळं झकास चाललं होतं. अक्कांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं आणि लवू मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जयराम धुरी उभे राहिले.

“गावकर, एक काम आसा. त्या कुत्रेवाल्याच्या नावान आज देवळात गाराणा घालूचा ठरला. गाव जमलोय. आमचो गाऱ्हाणेवालो तापान पडलो आसा. मी म्हटलंय, कशाक वाट बघूची? मांडवखोलचो गावकर आपल्या घरात बसलो आसा. तेंच्यासारखो आवाज पंचक्रोशीत नाय! खाडीपलीकडसून आमका आयकूक येता!”

ऐकू येतं! म्हणजे ते खरंच होतं तर! एरवी गावकर या एका वाक्यावर महिनाभर जगले असते. आज मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे ती होडी आली. “व्हय म्हाराजा” म्हणताच होडीत उडी घेणारा मुकादम आला. वासाची तजवीज त्यांनी केली होती. आवाजाला अत्तर लावता येत नाही.

“माझो घसो बसलो आसा,” ते कुजबुजले.

“आता तर बरो होतो!”

“आताच बसलो.”

धुऱ्यांच्या घरात सुंठ निघाली, मिरी निघाली, गूळ निघाला. काढा उकळला. गावकरांनी तो कढत कढत प्याला. अक्का ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “देवाच्या कामाक नाय म्हणणारो मनीस माझ्या नातवाचो सासरो कसो जायत?”

मग गावकर उठले.

रेवळ्याचाही देव रवळनाथच. त्याच्या देवळासमोर अख्खं रेवळे उभं होतं. अक्कांना दोघांनी धरून आणून पायरीवर बसवलं होतं. गावकरांनी हात जोडले आणि गोष्ट सांगितल्यासारख्या हलक्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा…”

“आयकूक येणा नाय!” मागून कुणी तरी ओरडलं.

“देव काय तुमच्या खांद्यार बसलो नाय, गावकर,” जयराम म्हणाले. “मोठ्यान!”

गावकरांनी आवाज जरासा चढवला. “ज्या कोणी ह्ये कुत्रे रेवळ्यात सोडले आसतीत, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“तेणा ता चुकान केला आसात, म्हाराजा…”

एकही माणूस “व्हय” म्हणाला नाही. देवळाच्या वळचणीला पारवे घुमत होते तेवढाच आवाज.

“तेच्या घरात काय अडचण आसात, तेका माफ कर, म्हाराजा…”

“माफ कसलो?” जयराम उसळले. “हजर कर म्हणा! हंयच्या हंय हजर कर!”

“व्हय म्हाराजा! हजर कर!” गाव गरजला.

आणि इथेच घात झाला. एवढा दणदणीत जबाब मांडवखोलात गावकरांना कधी मिळाला नव्हता. तिथली माणसं जेवणाकडे डोळे लावून अर्ध्या तोंडाने “व्हय” म्हणत. इथे देवळाची कौलं हलली! गावकरांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त होतं, ते उसळलं. पोरीचं लग्न, कुत्रे, अत्तर, सगळं ते विसरले. छाती फुगली, मान ताठ झाली आणि आवाज सुटला.

“बा देवा रवळनाथा! बारा वाडयेच्या धन्या! ज्या कोणी हलकटान ही ब्याद रेवळ्यात सोडल्यान…”

“व्हय म्हाराजा!”

“तो आसात थंयसून तेका उचल, आणि आज, आता, ह्या पायरेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत…”

“व्हय म्हाराजा!”

“हजर कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

शेवटचा जबाब विरला आणि धक्क्याच्या बाजूने धूळ उठली. पुढे मुकादम, मागे आठ जण. गाव दुभंगून बाजूला झालं. नऊही कुत्रे मधून धावत आले, पायरीखाली पोचले आणि गावकरांकडे तोंड करून ओळीने बसले. मांडवखोलात बसत तसेच. त्यांच्या शेपट्यांनी अंगण झाडलं जात होतं. पत्रावळी येईनात, तसा मुकादम उठला, वर चढला, एकदा शिंकला आणि गावकरांच्या पायावर डोकं ठेवून आडवा झाला.

गावकर अजून हात जोडूनच उभे होते. ते खाली करायचा त्यांना धीर होईना.

जयराम धुऱ्यांनी कुत्र्यांकडे बघितलं. मग गावकरांकडे बघितलं. मग देवाकडे बघितलं. “गावकर,” ते सावकाश म्हणाले, “देवान बराच लवकर आयकल्यान हां.”

गावकरांच्या डोळ्यांपुढे विहीर आली, आणि भरलेली घागर ओतणारी सरला आली. “धुरी,” ते म्हणाले. आणि आता घसा खरोखरच बसला होता. “माका काय व्हया ता बोला. पण माझ्या चेडवाक दोष नको. तिचा ह्याच्यात काय एक नाय.”

लवू मास्तर पुढे आले. ते काही बोलणार, इतक्यात मुकादमाने डोकं उचललं. त्याने हवेत नाक फिरवलं. अत्तराच्या पलीकडचं काही तरी त्याला लागलं असावं. गावकरांचे पाय सोडून तो पायरीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि अक्कांच्या मांडीत तोंड खुपसून कुंई कुंई करू लागला.

अक्कांचा हात त्याच्या डोक्यावरून फिरला. तुटक्या कानापाशी थांबला.

“पंड्या?” त्या म्हणाल्या. “पंड्या, मेल्या, खंय होतस रे?”

सगळ्या गावाने माना खाली घातल्या.

“जयराम!” अक्कांनी आवाज चढवला. गावकरांच्या तोडीचा होता तो. “माझ्या पंड्याक वाघान व्हेल्यान म्हणून सांगितल्लंस मां माका?”

जयराम धुरी देवळाची कौलं मोजू लागले. कौलं त्यांचीच होती, त्यामुळे त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. कुत्रे परत आल्यापासून पंड्याला अक्कांच्या पडवीकडे फिरकू न देण्याची कामगिरीही त्यांचीच होती.

“अब्बास खंय आसा? अब्बास, हंय ये! खरा सांग.”

अजून कुणीच उतरवून न घेतलेली खाज्याची टोपली अब्बासने डोक्यावरून खाली ठेवली. “अक्का, होडयेतलो उतारू खंय उतरलो, ता होडीवाल्यान सांगूचा नसता.”

“माका सांग!”

“गेल्या शिमग्याक जाताना धुऱ्यांनी बसयल्यानी,” अब्बास म्हणाला. “आता येताना गावकारांनी.”

पहिल्यांदा लवू मास्तर हसले. मग कोण हसलं ते सांगता यायचं नाही, कारण गावात न हसलेले दोघेच उरले होते. ते एकमेकांकडे बघत नव्हते.

“कोंबडे खायत होते ते, आये,” जयराम पुटपुटले. “मी तरी काय करतलंय?”

“माझ्याकडे सोयरे खायत होते,” गावकर म्हणाले.

अक्कांनी काठी आपटली. “गप बसा दोघय! आमी देवाकडे एक हलकट मागितलो. देवान दोन हजर केल्यान! आता पत्रिका कशाक बघूची? ह्याच्यापेक्षा गुण ते काय जुळूचे? लग्न ह्याच वैशाखात करा. आणि पंड्याची पाळी लावा.”

पाळी म्हणजे आमच्याकडची जुनी वहिवाट. देवळाचा मान असो की भावाभावांतला फणस असो, सगळं पाळीने चालतं. अक्कांनी कुत्र्यांनाही तोच न्याय लावला. शिमग्यापासून गणपतीपर्यंत रेवळे, गणपतीपासून शिमग्यापर्यंत मांडवखोल. नेआण अब्बासने करायची. गावाने “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि ठरलं ते ठरलं.

लग्न थाटात झालं. नवरानवरीसाठीचं गाऱ्हाणं गावकरांनीच घातलं, पण जयरामांच्या विनंतीवरून देवाच्या कानात घातलं. तरीही पहिल्या पंगतीला कोण बसलं असेल, ते सांगायला नको.

सरला होडीतून सासरी गेली. आणि गावकरांना कळलं, की खाडी भलतीच रुंद आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, उगीच तिच्या दारात जाऊन बसायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. आठ दिवस गावकर घरात आंधळ्यासारखे फिरले. नवव्या दिवशी ते धक्क्यावर आले. हातात सुक्या बांगड्यांची पुडी होती आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काही तरी होतं.

“खंय जातास?” जानकीने विचारलं होतं.

“कुत्र्यांका बघूक. जबाबदारी आसा आपली.”

“कुत्रे घावणे खातत?”

गावकरांनी फडक्याची गाठ आणखी आवळून घेतली होती.

तेव्हापासून दर बाजाराला हे असंच चाललं आहे. जयराम धुरी धक्क्यावर भेटतात, कुत्र्यांची प्रकृती सांगतात, पंड्याला जरा खोकला आहे म्हणतात. पंड्याला खोकला नसतो. ज्या आठवड्यात गावकर यायचे राहतात, त्या आठवड्यात तो हमखास असतो.

गणपती आले, पाळी बदलायची वेळ झाली. अब्बासने होडी लावली आणि विचारलं, “गावकारानू, कुत्रे ह्या बाजूक हाडू मां?”

“आता नको. गणपतीत सोयऱ्यांची वर्दळ.”

दिवाळीला त्याने पुन्हा विचारलं. दिवाळीत म्हणे फटाक्यांनी जनावरं बिथरतात. शिमगा जवळ आला, तसं अब्बासने खाडीच्या मध्यावर वल्हं थांबवलं.

“तुमची पाळी सरत इली. एक दीस तरी हाडू?”

“अब्बास,” विश्राम गावकर दरडावून म्हणाले, “मांडवखोलात एक जरी कुत्रो दिसलो, तर माका गावकर म्हणू नको, असा मी देवासमोर बोललंय. माझो शब्द मोडूक लावतस? ते थंयच ऱ्हवांदेत. समाजला?”

“व्हय म्हाराजा!” अब्बासने खणखणीत जबाब दिला.

पलीकडच्या धक्क्यावर नऊ कुत्रे उठून उभे राहिले. आणि कुत्रे का उठले ते बघायला वरच्या वाटेने सरला धावत खाली येऊ लागली.